दवाखान्यातून घरी आलेला सभासद : पुढची जबाबदारी कुणाची?



शेती विभागातर्फे या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खतांचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम याबद्दल लिहितो. या खेपेस विषय उसाचा नाही, ऊस लावणाऱ्या माणसाचा आहे. त्यात एक चूक आमची स्वतःची आहे, म्हणून तो लिहिणे आम्हांस भाग आहे.

आमच्या एका गटातील एक सभासद ऐन उमेदीत आजारी पडला. रात्ररात्र झोप नाही, कानात आवाज येतात, विहिरीवरची मोटार आपल्याविषयी बोलते, असे तो सांगे. घरच्यांनी आधी देवऋषी केला, अंगारे-धुपारे केले. त्यात वर्ष गेले. मग दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असे निदान केले, औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत माणूस बराच सावरला आणि घरी आला. सगळ्यांना वाटले, काम झाले. पण गोळ्यांसाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जायचे, म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि मोडलेला एक दिवस. म्हातारी आई किती हेलपाटे घालणार? चौथ्या महिन्यात गोळ्या थांबल्या आणि दिवाळीच्या सुमारास पहिले पाढे पंचावन्न.

त्या साली ऊस नोंदीच्या वेळी थोरला भाऊ आम्हांस म्हणाला, "साहेब, त्याचं काय खरं हाय? समदा ऊस माझ्याच नावावर घ्या." आम्ही घेतला. सातबारा पाहिला नाही, धाकट्याला विचारले नाही. दोन हंगाम त्याच्या हिश्श्याच्या उसाचे बिल थोरल्याच्या खात्यावर गेले. थोरला काही वाईट माणूस नव्हे. धाकट्याला दोन वेळ जेवू तोच घालत होता. पण एके दिवशी धाकटा गट ऑफिसात आला आणि म्हणाला, "साहेब, ऊस माझा गेला, मग पैसं कुणाला आलं?" बसलेली माणसे हसली. खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर द्यायची लाज आम्हांस वाटायला हवी होती.

पुढे आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार ही दिव्यांगता धरली आहे. अशा माणसाला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसाअडका पाहण्याचा हक्क आहे. व्यवहारात कुणाची मदत लागली तर ती घ्यावी, पण मदत करणाऱ्याने मालक होऊ नये. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आजारी माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्याला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी होरपळून मेले. तसली साखळी आपल्या कार्यक्षेत्रातील एखाद्या वस्तीवर, गोठ्यामागच्या खोलीत नाहीच, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

आता मुद्द्याचे बोलतो. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथे सरकारची मनोरुग्णालये आहेत, ती हवीतच. पण दवाखाना म्हणजे लागण. खोडव्याचे काय? आम्ही वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगतो की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, नांग्या भरा. तरी पुष्कळांचे ठरलेले उत्तर असते, "खोडवा काय, आपोआप येतोय." तो आपोआप येत नाही, हे काट्यावर कळते. घरी परतलेल्या माणसाचेही तसेच आहे. गोळी वेळेवर हवी. दाराशी येऊन विचारपूस करणारे कुणीतरी हवे. झेपेल असे काम हवे आणि चार माणसांत बसायला जागा हवी. यातले काही नसले की तो पुन्हा दवाखान्याच्या वाटेला लागतो, आणि दर खेपेला घर थोडे अधिक खचते.

हे आमच्या मनचे नव्हे. सातारा जिल्हा, गोवा आणि तामिळनाडूतील कांचीपुरम या भागांत स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना घेऊन याची रीतसर पाहणी झाली. एका गटाला नेहमीचे दवाखान्यातले उपचार दिले. दुसऱ्याला तेच उपचार, आणि त्याबरोबर प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी भेटीला जात. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. वर्षाअखेर दुसऱ्या गटातील लोकांचा त्रास आणि परावलंबन थोडे अधिक कमी झाले, औषधेही ते अधिक नियमाने घेत होते. २०१४ साली ही पाहणी जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. फरक फार मोठा नव्हता. पण एकरी दोन टन वाढले तरी आपण शेजाऱ्याला बोलावून दाखवतो, मग इथे तर माणूस आहे.

यावर काही मंडळी म्हणतील, कारखान्याचे काम साखर करण्याचे, हे लचांड कशाला? त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. सभासदाची गाय आजारी पडली तर डॉक्टर गोठ्यात येतो. मोतीबिंदूचे शिबिर असले की गाडी पाठवून म्हातारी माणसे आणतात. त्याला कुणी लचांड म्हणत नाही. शिवाय दारोदार फिरणारी माणसे आपल्याकडे आहेतच. लागण, खते, पाहणी, तोड या ना त्या कामाने आमचा गट कर्मचारी वर्षातून कितीदा तरी प्रत्येक वस्तीवर जातो. कोणत्या सरीत काणी पडली हे त्याला ठाऊक असते. मागच्या खोलीत कोण बसून आहे हेही ठाऊक असते, पण तो बोलत नाही, कारण बोलून पुढे करायचे काय हे त्याला कुणी शिकवलेले नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि येत्या वार्षिक सभेपुढे आमच्या चार सूचना आहेत.

एक, प्रत्येक गटातून इच्छा असलेला एक कर्मचारी निवडून त्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडून शिक्षण द्यावे. १९९६ पासून देशात हा कार्यक्रम चालू आहे, त्याचा उपयोग आपण करून घ्यावा. या कर्मचाऱ्याने डॉक्टरकी करायची नाही. गोळ्या चालू आहेत का, झोप लागते का, हात फार थरथरतात का, एवढे विचारावे आणि गरज पडल्यास दवाखान्याशी गाठ घालून द्यावी. लिथियमची गोळी घेणाऱ्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर विषबाधा होऊ शकते, ही गोष्ट उन्हात राबणाऱ्यांच्या गावात माहीत असलीच पाहिजे. आणि कुणाचे आजारपण त्याच्या संमतीशिवाय चावडीवर जाता कामा नये. यादी फलकावर लागली तर त्यापेक्षा हे काम न केलेले बरे.

दोन, महिन्यातून एक दिवस कारखान्याची गाडी रुग्ण आणि सोबतीचे माणूस घेऊन दवाखान्यात जावी. तोडणी मजुरांनाही त्यात जागा असावी. ते घर सोडून पाच-सहा महिने इथे राहतात आणि बरोबर आणलेली औषधे मध्येच संपतात.

तीन, रोपवाटिका, माती परीक्षण, कार्यालय येथे झेपेल त्याला झेपेल तितके काम द्यावे, आणि कामाची मजुरी पुरी द्यावी. औषधाने येणारी सुस्ती म्हणजे आळस नव्हे, हे मुकादमानेही समजून घ्यावे.

चार, आजाराचे कारण सांगून कुणाच्याही उसाची नोंद दुसऱ्याच्या नावे करू नये. आमच्या विभागापुरता हा नियम आम्ही आजच लागू केला आहे. त्याला सभेची वाट पाहण्याचे कारण नाही.

घरात असे कुणी असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. तिथे मराठीत बोलता येते.

त्या सभासदाची नोंद गेल्या हंगामापासून पुन्हा त्याच्या नावावर आहे. थोरला आधी रुसला, मग स्वतःच त्याला घेऊन बँकेत गेला. गोळ्या आता तालुक्याच्या गावी मिळतात. सकाळी तो रोपवाटिकेत ट्रे भरतो. सगळे सुरळीत झाले असे नाही. पावसाळ्यात पंधरा दिवस तो कुणाशी बोलला नाही, तेव्हा त्याची आई ऑफिसात आली. म्हणाली, "साहेब, कुणाला तरी धाडा, नुसतं बसाया." आम्ही माणूस धाडला. तो चार दिवस नुसता बसला. पाचव्या दिवशी याने त्याला विचारले, "पहिला हप्ता कधी हाय?"

या वेळी आम्ही तारीख सांगितली.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेती विभाग