पावसाळ्यातलं मांडू, दोघांसाठी

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यांनी श्रावणात मांडूला जावं, असं माझं ठाम मत आहे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, विंध्याच्या कड्यावर वसलेली ही माळव्याच्या सुलतानांची राजधानी. इथला गाईड राणी रूपमती आणि सुलतान बाजबहादुर यांची प्रेमकथा रंगवून सांगतो. १५६१ मध्ये अकबराची फौज चालून आल्यावर बाजबहादुर तिला मागे टाकून पळाला, हे मात्र दोन वाक्यांत आटोपतो. नेमकं तेव्हाच बायको नवऱ्याकडे बघते. ती नजर निमूट सोसावी आणि जहाज महालाची गच्ची गाठावी. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव आणि मध्ये पाणी खेळवणारी दगडी पन्हळ, गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली. चारी बाजूंचे डोंगर हिरवेगार. वाटेत गोरखचिंचेचे अगडबंब बुंधे दिसतात. हे झाड मूळ आफ्रिकेतलं, इथे त्याला खुरासानी इमली म्हणतात. तिचा आंबट गर चघळत निवांत हिंडावं, दुपारी पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये डाळीबरोबर हाणावेत. रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसते म्हणतात. धुक्यामुळे नाही दिसली तर हळहळू नये. सगळी स्मारकं एका दिवसात उरकण्याचा हट्ट ज्याला सोडवत नाही, त्याने बायकोला घरी ठेवून एकट्यानेच जावं. तिची तरी सुट्टी सुखात जाईल.