केबिन रोडवरून जग दिसते, पाहायचे कोणी?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर राहणारा, कला शाखेची पदवी घेतलेला आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन एम. ए. करणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी त्याला संशोधन प्रकल्पाचा विषय द्यायचा असतो. तो आदल्या आठवड्यातली वृत्तपत्रे चाळतो आणि कागदावर लिहून देतो : ‘भारत-अमेरिका संबंध : एक अभ्यास’. त्याच्या शेजारच्या बाकावरची विद्यार्थिनी लिहिते, ‘भारत-चीन संबंध : एक चिकित्सक अभ्यास’. मार्गदर्शक मान डोलावतात, सही होते आणि विषय मंजूर होतो. पुढचे आठ महिने या दोघांच्या हातून जे घडते, त्याला संशोधन हे नाव देणे म्हणजे त्या शब्दाची विटंबना आहे.

हा प्रकार पूर्वी मोजक्या विद्यार्थ्यांपुरता होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाचा नवा आराखडा आला आणि संशोधन प्रकल्प हा दुसऱ्या वर्षाचा नियमित भाग झाला. म्हणजे हजारो तरुणांनी संशोधनाचा पहिला धडा आता गिरवायचा आहे. तो धडाच जर उसनवारीचा असेल, तर देशाच्या परराष्ट्र व्यवहाराचा विचार करणारी पुढची पिढी घडणार कोठून? चार पुस्तकांतले उतारे एकत्र शिवण्याची विद्या जुनीच होती. आता यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ऐंशी पाने दहा मिनिटांत हाती पडतात. अशा काळात ‘एक अभ्यास’ या शेपटाचे विषय मंजूर करणे हा निष्काळजीपणा राहिलेला नाही. ती नक्कल करण्याला दिलेली अधिकृत परवानगी आहे.

विषय म्हणजे प्रश्न नव्हे

दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीत नाही. ‘विषय’ आणि ‘प्रश्न’ यांतला भेद त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. ‘भारत-अमेरिका संबंध’ हा विषय आहे. ग्रंथालयाच्या कपाटावर लावायची ती पाटी आहे. ‘अमुक वर्षी अमुक करार का झाला, त्याआधी दहा वर्षे तो का झाला नाही?’ हा प्रश्न आहे. प्रश्नाला उत्तर असते, ते चूक ठरू शकते, आणि चूक की बरोबर हे ठरविण्यासाठी पुरावा शोधावा लागतो. पाटीला उत्तर नसते. म्हणूनच पाटीखाली काहीही भरता येते आणि ते कोणालाही खोडता येत नाही.

या सवयीच्या मुळाशी एक खोल न्यूनगंड आहे. परराष्ट्र व्यवहार ही दिल्लीकरांची मिरासदारी आणि त्याचे तत्त्वज्ञान ही पाश्चात्त्यांची, असे आपण मनोमन मान्य करून टाकले आहे. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ या छोट्या किनारी गावात स्थापन झाले. पहिल्या महायुद्धाच्या संहाराने हादरलेल्या समाजाने ‘हे असे का घडले?’ हा स्वतःचा प्रश्न विचारला आणि त्यातून एक ज्ञानशाखा उभी राहिली. भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये या विषयाची स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. त्या संस्थेने मोठे काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेल्सच्या एका गावाला जगाचा विचार करण्याचा अधिकार असेल, तर तो भाईंदरला का नसावा?

अशा वेळी कोणी कौटिल्याचे नाव घेतो आणि टाळ्या मिळवितो. त्या टाळ्यांनीही काही साधत नाही. प्रा. र. पं. कंगले यांनी अर्थशास्त्राची चिकित्सक संहिता, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केले आणि ते प्रकाशित केले मुंबई विद्यापीठाने. त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी मंडल सिद्धांताविषयी लिहितो तेव्हा एखाद्या परदेशी पाठ्यपुस्तकातला अर्धा परिच्छेद उतरवितो. घरचे धान्य कणगीत ठेवून शेजाऱ्याकडे पीठ मागायला जावे, तसा हा प्रकार आहे. पूर्वजांचा अभिमान त्यांचे ग्रंथ उघडण्याच्या कष्टाने सिद्ध होतो, घोषणेने नव्हे.

उंबरठ्यावरचे तीन प्रश्न

केबिन रोडच्या विद्यार्थ्याने दूर जाण्याची गरजच नाही. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात. पत्रा कापण्याचा, दाबयंत्राचा आणि पॉलिशचा आवाज त्याच्या कानांवर लहानपणापासून पडत आला आहे. या पत्र्याच्या किमतीचे एक सूत्र निकेल या धातूशी बांधलेले आहे. १ जानेवारी २०२० पासून इंडोनेशियाने कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली. आपले खनिज आपल्याच भूमीवर शुद्ध व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेकडे धावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील तज्ज्ञ मंडळाने इंडोनेशियाविरुद्ध निर्णय दिला. इंडोनेशियाने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच सदस्यांअभावी ठप्प होते! दरम्यान ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातू बाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि बाजाराला व्यवहार थांबवून त्या दिवसाचे सौदे रद्द करावे लागले. निकेल महाग म्हणून भांड्यांच्या पोलादात त्याचे प्रमाण कमी करून मँगनीज वाढविण्याची वाट भारतीय उद्योगाने धरली होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मग प्रश्न उभा राहतो : इंडोनेशियाच्या बंदीची झळ भाईंदरच्या छोट्या कारखानदाराला किती बसली आणि मँगनीजच्या वाटेने ती किती थोपविली? सार्वभौमत्व, जागतिक संस्थांचे दुबळेपण, बलाढ्यांचे व्यापारी राजकारण या साऱ्या संकल्पना या एका प्रश्नात आहेत. शिवाय साक्षीदार चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

दुसरा प्रश्न खाडीपलीकडचा. वसईची खाडी ओलांडली की पालघर जिल्हा लागतो. डहाणू-तलासरी भागातले अनेक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात याविषयी करार झाला. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करायची, अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचे आणि शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्व निश्चित झाले की महिन्याभरात सोडायचे, असे त्यात लिहिले आहे. याद्या नियमाने दिल्या जातात. माणसे मात्र त्या नियमाने सुटत नाहीत. असे का? राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीत दिरंगाई होते, की दोन देशांतल्या तणावाबरोबर सुटकेचा दरवाजा उघडतो आणि मिटतो? याद्या परराष्ट्र मंत्रालय प्रसिद्ध करते, संसदेतली उत्तरे उपलब्ध आहेत, परतलेले खलाशी काही तासांच्या अंतरावर आहेत. या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या तरी घरी चूल पेटण्याशी जोडलेले आहे. असा विषय सोडून ‘जागतिकीकरणाच्या युगातील भारत-पाक संबंध’ लिहिणाऱ्याला काय म्हणावे?

तिसरा प्रश्न इतिहासाचा. भाईंदरच्याच पश्चिम अंगाला धारावीचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत तो पडला आणि मे महिन्यात वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली. या युद्धात मुंबईचे इंग्रज पोर्तुगीजांना हात राखून मदत करीत राहिले आणि वसई पडताच त्याच वर्षीच्या जुलैत मराठ्यांशी तह करून मोकळे झाले. सत्तासंतुलनाचा याहून बोलका धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? याची साधनेही हाताशी आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत वसई मोहिमेची पत्रे आहेत. पोर्तुगीज बाजूची कागदपत्रे उजेडात आणण्यासाठी गोव्याच्या पुराभिलेखागारात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य वेचले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीत आहे. इंग्रजांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. भाईंदरहून चर्चगेटची लोकल पकडावी आणि तेथून पायी जावे, इतकेच काय ते परदेशगमन!

आक्षेपकांना उत्तर

हे विषय स्थानिक आहेत, आंतरराष्ट्रीय नव्हेत, असा आक्षेप विद्वान घेतील. त्यांना विचारावे की आंतरराष्ट्रीय घटना घडते कोठे? ती कोणत्या तरी बंदरात, तुरुंगात किंवा कारखान्यातच घडते. राजधानीतल्या निवेदनात तिचे केवळ शब्द उमटतात. दुसरा आक्षेप असा की, यात सिद्धांताला स्थान नाही. वस्तुतः सिद्धांताची खरी परीक्षा येथेच आहे. जागतिक संस्था राष्ट्रांना नियमांत बांधतात, असे एक मत सांगते. राष्ट्रे स्वार्थापुढे नियम जुमानत नाहीत, असे दुसरे सांगते. निकेलच्या वादात कोणते मत टिकते, हे पुराव्याने दाखवावे. सिद्धांत पहिल्या प्रकरणात शोभेसाठी मांडून पुढे विसरून जाणे, ही आजची रीत सिद्धांताचाच अपमान करते.

तिसरा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. नोकरी करून, लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून शिकणाऱ्याला हे झेपेल का? झेपेल, पण आखणी नीट असेल तरच. पहिला महिना केवळ प्रश्न घडविण्यास द्यावा. प्रश्न एका वाक्यात लिहावा, त्याला काळाची आणि स्थळाची मर्यादा घालावी. दुसऱ्या महिन्यात साधनांची यादी करावी : कोणता कागद कोठे आहे, तो कोणत्या भाषेत आहे, तो पाहण्यास परवानगी लागते का? साधन हाती लागणार नसेल तर प्रश्न तेव्हाच बदलावा. सातव्या महिन्यात नव्हे. पुढचे तीन महिने साधने वाचावीत, मुलाखती घ्याव्यात आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोठून घेतली हे त्याच दिवशी लिहावे. दोन महिने लेखनाला आणि शेवटचा महिना आपल्या निष्कर्षाविरुद्धचा पुरावा शोधण्याला राखून ठेवावा. आपल्या आवडत्या मताविरुद्ध गेलेला कागद जो लपवितो, तो प्रचारक असेल, संशोधक नव्हे.

आणि भाषा? येथे मराठी विद्यार्थ्याने कठोर आत्मपरीक्षण केले पाहिजे. पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळविले म्हणून ते पोर्तुगीजांचे कागद त्यांच्याच तोंडून बोलते करू शकले. चीनविषयी तावातावाने बोलणाऱ्या आपल्या तरुणांपैकी चिनी भाषेतले एक पान वाचू शकणारे किती? ज्या देशाची भाषा आपल्याला येत नाही, त्या देशाविषयी आपण तिसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो आणि त्या डोळ्यांवर चष्मा कोणाचा आहे हेही आपल्याला ठाऊक नसते. मोडी लिपी ही तर आपली स्वतःची. तीही आपण परकी करून टाकली.

जबाबदारी कोणाची?

विद्यार्थ्याला बोल लावून मार्गदर्शकांना सुटता येणार नाही. ‘एक अभ्यास’ असे शीर्षक असलेला प्रस्ताव परत करण्यास कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. फक्त लाल पेन लागते. विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा समोर बसवून ‘तुझा प्रश्न काय, पुरावा काय?’ एवढेच विचारले, तरी यंत्राने लिहिलेली ऐंशी पाने गळून पडतील. ते न विचारणारा मार्गदर्शक सही करताना विद्यार्थ्याच्या आयुष्यातली दोन वर्षे वाया घालवितो आणि ज्या समाजाने त्याला त्या खुर्चीवर बसविले, त्याचीही फसवणूक करतो.

जगाविषयी ज्यांना स्वतःचे प्रश्न नसतात, ते राष्ट्र इतरांच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करीत बसते. केबिन रोडवरच्या गाळ्यातून, खाडीपलीकडच्या खलाशाच्या घरातून आणि धारावीच्या किल्ल्यावरून जग स्वच्छ दिसते. त्या विद्यार्थ्याने मंजूर झालेला विषयाचा कागद उद्या परत मागून घ्यावा, ‘एक अभ्यास’ हे शब्द खोडावेत आणि त्यांच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहावे. संशोधनाला तेथून आरंभ होईल.