विमानाचे दार आणि अपंग प्रवाशाचा हक्क

अपंग प्रवाशास विमानात घ्यावे की न घ्यावे हा निर्णय वैमानिकाच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या मर्जीवर सोपवावा, कारण उड्डाणानंतर प्रत्येक जिवाची जबाबदारी त्यांच्याच शिरावर असते, असे प्रतिपादन विमान कंपन्यांच्या बाजूने केले जाते. आणि सुरक्षिततेचे नाव निघाले की ऐकणारा बहुधा निरुत्तर होतो, म्हणून या प्रतिपादनाची छाननी आधी झाली पाहिजे.

वैमानिकाची जबाबदारी निर्विवाद आहे. परंतु तिच्यातून जो अधिकार प्राप्त होतो तो चौकशीअंती निर्णय करण्याचा; माणसाकडे पाहताच मनात आलेल्या शंकेलाच हुकूम मानण्याचा नव्हे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष या अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या विदुषी गोव्यातील एका परिषदेस जाण्यासाठी कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानात आसनस्थ झाल्या असता त्यांना खाली उतरविण्यात आले. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचे बोलणे व हालचाल इतरांहून निराळी आहे. त्यांची प्रकृती बिघडलेली दिसली, अशी कैफियत कंपनीने पुढे न्यायालयात दिली. पण ती जर खरोखर बिघडलेली वाटली होती, तर कोणी त्यांची विचारपूस केली नाही आणि डॉक्टरांनाही पाचारण केले नाही, हे कसे? सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी याच उणिवेवर बोट ठेवले आणि दहा लाख रुपयांची भरपाई देवविली. तरीही मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका अपंग मुलास इंडिगोच्या विमानात प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा कोठे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीस पाच लाखांचा दंड करून नियम दुरुस्त केला: केवळ अपंगत्वाच्या सबबीवर कोणासही नाकारता येणार नाही, आणि प्रवासात प्रकृती ढासळेल अशी शंका असल्यास डॉक्टरांनी प्रवाशास प्रत्यक्ष तपासून मत दिले पाहिजे. सुरक्षिततेचा खरा बंदोबस्त हाच होय. कारण तो ज्ञानाच्या आधारे होतो, आणि त्याने अपंग प्रवाशाचे जितके रक्षण होते तितकेच इतरांचेही होते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने विमानतळावरील साहाय्याची जबाबदारी विमानतळ चालविणाऱ्या संस्थेवर टाकली आणि तिचा खर्च कंपन्यांकडून त्यांच्या एकूण प्रवाशांच्या प्रमाणात वसूल करण्याची मुभा दिली. त्यामुळे भार सर्वांत विभागला जातो आणि अपंगाकडून वेगळे शुल्क घेतले जात नाही. धडधाकट माणसे रांग चुकविण्यासाठी व्हीलचेअर मागतात, ही तक्रार खरी असेलही. पण तिचे प्रायश्चित्त जो चालू शकत नाही त्याने घ्यावे, हा न्याय मला मुळीच मान्य नाही.

आता काय हवे ते सांगतो. स्वतःची व्हीलचेअर वापरणाऱ्यास ती शरीराच्या अवयवासारखी असते. तिची बैठक त्याच्या कण्याच्या मापाने बेतलेली असते, आणि विमानतळावरची कोणतीही खुर्ची तिची जागा घेऊ शकत नाही. असे असताना ती विमानाच्या पोटात इतर सामानासोबत जाते, उतरल्यावर मोडलेली निघाली तर तिचा धनी त्या क्षणापासून परावलंबी होतो, आणि १९९९ चा माँट्रियल करार तिच्याकडे सामान म्हणूनच पाहत असल्याने भरपाईस सामान्यतः मर्यादा पडते. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात मोडक्या व्हीलचेअरची भरपाई तिच्या मूळ खरेदी-किमतीच्या आधारे ठरते. हे तत्त्व आंतरराष्ट्रीय प्रवासासही लागू व्हावे. तिच्या बॅटरीची माहिती आरक्षणाच्या वेळीच नोंदवून घ्यावी, म्हणजे प्रवेशद्वारी वाद होणार नाही. तिला उचलणाऱ्या हातांना तिची घडी कशी मिटते हे शिकविलेले असावे. प्रवाशास आसनापर्यंत नेणारी चिंचोळी खुर्ची आणि एअरोब्रिज नसलेल्या ठिकाणी उचलून नेणारी अँब्युलिफ्ट ऐनवेळी शोधावी लागू नये. आणि प्रवाशास कसे उचलावे, कोठे धरावे, हे सोबत्यास न विचारता त्यालाच विचारावे.