शीतकरणाची विद्या

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या इस्लापुरासारख्या लहान गांवांतही घरोघरीं मुलांच्या पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो. एका परिचित गृहस्थांनीं विचारलें, “गुरुजी, मुलगी म्हणते, मला शीतयंत्रें आणि वातानुकूलन यांचें शास्त्र शिकावयाचें आहे. एवढें शिकून शेवटीं लोकांच्या भिंतीवरचीं यंत्रेंच दुरुस्त करावयाचीं ना?” हा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांत विचारला जातो, म्हणून त्याचें उत्तर येथें देतों.

प्रथम हें कीं दुरुस्तीचें काम मुळींच हलकें नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो नीट शिकलेल्या कारागिराची लोक वैशाखांत चातकासारखी वाट पाहतात. अभियंत्याचें काम याहून निराळें. आपल्याकडे हें शास्त्र बहुधा यंत्र-अभियांत्रिकीच्या पदवीचा एक भाग म्हणून शिकवितात. तशी पदवी घेण्याची सोय नांदेडास विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंहजी संस्थेंत आहे. ही संस्था १९८१ सालची. आरंभींचा काळ गणित, पदार्थविज्ञान आणि उष्मागतिकी यांतच जातो. शीतयंत्राचें दर्शन पुष्कळ पुढें घडतें. उतावळीं मुलें येथेंच कंटाळतात. परंतु व्याकरणावांचून काव्य लागत नाहीं, तसेंच हें आहे.

उष्णता आपण होऊन उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. तिला उलट चढवावयाची तर श्रम खर्चावे लागतात. ‘थंडी’ निर्माण करणारें यंत्र असें नाहींच. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं टाकणें एवढेंच त्याचें काम. म्हणून खोलींतील उष्णता आणि वर विजेच्या श्रमाची उष्णता, अशा दोन्ही शेजाऱ्याच्या खिडकीशीं जाऊन पडतात! दुकानदार ‘एक टनाचें यंत्र’ म्हणतो तेंही वजन नव्हे. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी काढून टाकण्याची शक्ति म्हणजे एक टन. आजच्या परिभाषेंत सुमारें साडेतीन किलोवॅट.

दुसरा विषय हवेंतील ओलाव्याचा, आणि मला तोच अधिक रम्य वाटतो. कालिदासानें ऋतुसंहारांत ग्रीष्माच्या उपचारांत जलयंत्रांचें घर सांगितलें आहे. आपली वाळ्याची ताटी आणि आजचा कूलर हीं त्याच कुळांतलीं. एक ग्रॅम बर्फ वितळतांना ८० कॅलरी उष्णता घेतो, तर आपल्या उन्हाळ्यांत एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी खर्चीं पडतात. वैशाखांत आपल्याकडे पारा ४२ अंशांपलीकडे जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून कूलर सुख देतो. तोच आषाढांत नुसतें अंग चिकट करितो, कारण ओली हवा आणखी पाणी पीत नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिनच्या एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसेनात. तेव्हां विलिस कॅरिअर या पंचविशींतल्या अभियंत्यानें तो ओलावा आवरण्याची योजना आंखली. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ तेथूनच धरितात. माणसाच्या सुखाचा विचार मागाहूनचा.

या विद्येचा आपल्या जिल्ह्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. अर्धापूरचीं केळीं घ्या. केळें १३ अंशांच्या खालीं फार वेळ राहिलें तर साल काळवंडते व फळ नीट पिकत नाहीं. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि त्यांपैकीं कांहीं गोठल्या तर निकामी होतात. थंड करणें सोपें. जेथें थांबावयाचें तेथें थांबणें, तेंही वीज येत-जात असतांना, यासाठीं अभियंता लागतो.

आणि खरा अभियंता यंत्राआधीं भिंत पाहील. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीमुळें दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई. आतां वर पत्रा किंवा उघडा स्लॅब, आणि मग त्याखालीं यंत्राची हौस! घरांत उष्णता कोठून किती येते याचा हिशेब मांडणें हा या शिक्षणाचा मोठा भाग आहे, आणि आपल्या मुलांनीं तो आपल्याच घरांवर करावा असें मला वाटतें. यंत्रांतील वायूंचा प्रश्नही सुटलेला नाहीं. ओझोनचा थर खाणारे वायु १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें आवरले. त्यांच्या जागीं आलेले पृथ्वी तापवितात, म्हणून २०१६ मध्यें किगाली येथें तेही कमी करण्याचें ठरलें. पर्यायांपैकीं कांहीं ज्वालाग्राही आहेत. पुढच्या पिढीस काम पुरेसें आहे.

त्या गृहस्थांस मी एवढेंच सुचविलें : मुलीला दोन साधे तापमापक आणून द्या. एकाच्या टोंकाला ओलें फडकें गुंडाळून दोन्ही सावलींत, वाऱ्याला टांगा. रोज दुपारीं दोन वाजतां तिनें दोन्ही पारे वहींत टिपावे. मृगाचा पाऊस पडल्यावर त्यांतलें अंतर कसें मिटत जातें तें पाहण्यांत तिचें मन रमलें, तर शुल्काची तजवीज करावी.