हजेरीपटाबाहेरचा माणूस

पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये राबणारा कामगार आपल्या दवाखान्यात येतो, तेव्हा बहुधा दोनच गोष्टी सांगतो : हाताची कातडी सोलली आहे आणि उद्या कामावर गेलेच पाहिजे. "मिल कोणती?" असे विचारावे, तर पुष्कळदा तो ठेकेदाराचे नाव सांगतो. या उत्तरातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. उद्योग आपल्या कामगारांसाठी काय करतो, हे विचारण्यापूर्वी तो कोणाला 'आपला' मानतो, हे विचारावयास हवे.

कामगार-कल्याण ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. नागपुरात 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघात-भरपाई सुरू केली. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस, 1915 साली मोफत वैद्यकीय मदत व 1920 साली भविष्यनिर्वाह निधी आला. या निधीचा देशव्यापी कायदा होण्यास 1952 साल उजाडले.

"टाटांना परवडते, आम्हांला कसे परवडणार?" असा प्रश्न छोटे मिलमालक करतील. त्याचे उत्तर किर्लोस्करवाडीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता केवळ भारतीय म्हणून त्यांची बढती डावलली गेली. ते नोकरी सोडून बाहेर पडले आणि 1910 साली औंध संस्थानातील कुंडलच्या ओसाड माळावर त्यांनी कारखाना थाटला. तेव्हा तो काही मोठा उद्योग नव्हता. तरीही तेथे अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले गेले. ज्याने स्वतः अन्याय सोसला, त्याने आपल्या दारी तो होऊ दिला नाही. यास भांडवल लागत नाही, दृष्टी लागते.

पांडेसऱ्यात विविधता कोणी योजून आणलेली नाही. ती रेल्वेने आली. खानदेश, ओडिशातील गंजाम, उत्तर प्रदेश, बिहार येथील माणसे एकाच छताखाली राबतात. परंतु निरनिराळी माणसे एकत्र राबणे म्हणजे समान वागणूक नव्हे. रसायनाच्या पिंपावरील सूचना ज्याला वाचता येत नाही, ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, ज्याच्याजवळ विम्याचे कार्ड नाही, त्याच्यासाठी कल्याण-योजना कागदावरच राहते. वास्तविक कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत, वेतनाच्या ठरलेल्या मर्यादेत, ठेकेदारामार्फत लावलेला कामगारही येतो. हे त्याला सांगणार कोण?

येथे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचे कर्तव्य सुरू होते. कारखान्यातील कामगारास कायद्याच्या यादीतील व्यवसायजन्य रोग झाल्याचे आढळल्यास डॉक्टरने तसे लेखी कळवावे, असे 1948 च्या कारखाना कायद्याने सांगितले. नव्या संहितेनेही हे बंधन ठेवले आहे. रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह त्या यादीत आहे. आपण मात्र मलम लिहून देतो आणि 'पुढचा' म्हणतो. केसपेपरवर नाव व वय लिहितो. काम कोणते, किती तास, कोणत्या खात्यात, हे लिहितो का?

आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील खानदेशातून याच गाडीने, असेच पोटासाठी सुरतेत उतरले होते. आज आपल्या दारावर पाटी आहे. म्हणून मिलमालकांना उपदेश करण्याआधी आपण एवढे करू या : प्रत्येक कामगार रुग्णास त्याचे काम विचारू, ते नोंदवू, आणि विम्याचे कार्ड आहे का, हेही विचारू. मिलच्या हजेरीपटावर त्याचे नाव येईल तेव्हा येवो. आपल्या केसपेपरवर तरी तो पूर्ण माणूस म्हणून नोंदला जावा.