शाळेला दाता हवा, धनी नको!

जून महिना जवळ आला, की मुंबई-पुण्याच्या दानशूर मंडळींना गरिबांच्या शाळांची आठवण होते. कुठे वह्यांचे वाटप, कुठे दप्तरांचे, कुठे छत्र्यांचे! पाहुण्यांचे भाषण, मुलांची रांग, छायाचित्र आणि शेवटी आभारप्रदर्शन. या समारंभांची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्या मुलाच्या हाती कोरी वही पडते, त्याचा आनंद खोटा नसतो. परंतु मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील मुलांना दप्तर, गणवेश, वह्या, बूट अशा २७ वस्तू गेली अनेक वर्षे स्वतःच विनामूल्य देत आली आहे, ही गोष्ट किती देणगीदारांनी आधी विचारून घेतली असेल? त्या वस्तू वेळेवर हाती पडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणजे पालिकेला जाब विचारणे. एकाच मुलाला दोन दप्तरे मिळावीत आणि त्याच्या वर्गाला गणिताचा शिक्षक मात्र मिळू नये, असे औदार्य काय कामाचे?

हे एवढ्यावर थांबले असते, तर त्यासाठी अग्रलेख खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णय काढला आणि सरकारी शाळांची कवाडे कंपन्यांना, संस्थांना व धनिकांना उघडून दिली. कवाडे उघडली याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातील एका कलमाला. देणगीदाराला आपल्या पसंतीचे नाव ठराविक मुदतीपुरते शाळेच्या नावाला जोडता येईल, अशी मुभा त्या निर्णयाने दिली. आणि मोठ्या महानगरांसाठी ५ वर्षांना २ कोटी व १० वर्षांना ३ कोटी असे मोलही ठरवून टाकले. नाटकगृहांचे, क्रीडांगणांचे असे दरपत्रक आम्ही समजू शकतो. जी शाळा नागरिकांच्या करांतून उभी राहिली, जिथे हमालाचा, धुणेभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा हक्काने पाय ठेवतो, तिच्या पाटीचे मोल शासनानेच ठरवावे?

ज्या भूमीत हा निर्णय निघाला, तिचा इतिहास तरी आठवायचा होता! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथली सर्व जातींची पोरे जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. संस्थेसाठी खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य गोळा झाले. त्या मुठीवर कोणाचे नाव कोरलेले नव्हते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर एका धनिकाने भलीमोठी देणगी देऊ केली, तेव्हा कर्मवीरांनी तिला कशी लाथ मारली, ही कथा तर महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. भाऊरावांना पैशाची गरज नव्हती असे कोणी म्हणेल काय? गरज असलेल्या माणसाने नकार दिला, म्हणून तर ती कथा टिकली.

'पण शासनाजवळ पैसा नाही, त्याने करावे तरी काय?' असा प्रश्न काही व्यवहारकुशल मंडळी विचारतील. हा प्रश्न फार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात धर्मादायाची याचना नव्हती. सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गाच्या पदरात पडतो, हा त्यांचा हिशेब होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तेव्हाही खर्चाची सबब पुढे होतीच. परकी सरकारला जे जमले नाही, ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून दाखविले. एका संस्थानाच्या तिजोरीला जे पेलले, ते भारतातील सर्वांत श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्राला पेलू नये, ही गोष्ट आमच्या गळी उतरत नाही. शिवाय आता हा दयेचा प्रश्न उरलेला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देण्याचे बंधन शासनावर घालतो. ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत, असे त्याचे परिशिष्ट सांगते. हक्काची वस्तू देणगीतून पुरविली, की मागणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. पालक आभार मानतात आणि अधिकारी सुटकेचा निःश्वास टाकतात.

कंपन्यांच्या पैशाचा आणखी एक स्वभाव आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. कायदा उत्तम आहे. परंतु जिथे कंपनीचा कारभार तिथल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही तोच सांगतो. मग मुंबई, ठाणे, पुण्याकडे ओघ लागतो आणि गडचिरोली-नंदुरबारची शाळा वाट पाहात बसते. शिवाय नियमांनुसार अशा चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांची. पहिलीत आलेली मुलगी पाचवीच्या उंबरठ्यावर पोचते न पोचते, तोच कंपनीने नेमलेला शिक्षक निरोप घेऊन जातो. पडद्यांचे, संगणकांचे, रंगवलेल्या भिंतींचे छायाचित्र वार्षिक अहवालात शोभून दिसते. पगाराचे छायाचित्र काढता येत नाही, ही शिक्षकाची मोठीच अडचण!

तर मग खाजगी दानाला शाळेत स्थानच नाही काय? आहे, आणि मानाचे आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते पाहावे. आदिवासी पोरे शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी आदिवासींना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरविली. गुरे राखणाऱ्या मुलांमागे ती कुरणातही गेली. सरकारी नियमपुस्तकात अशा शाळेला जागा नव्हती. कोणीतरी विश्वासाने पैसा दिला, कोणीतरी आयुष्य दिले, प्रयोग सिद्ध झाला. आणि १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. सरकारला जी वाट अजून दिसत नाही ती दाखविणे, हे दानाचे खरे क्षेत्र आहे. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाची मुले, वीटभट्टीवरची मुले, पुलाखाली बिऱ्हाड असलेली मुले यांच्यासाठी अशा कितीतरी वाटा अजून शोधायच्या आहेत.

आणि आता थोडे आपल्याविषयी. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांचे वडील वा आजोबा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले. त्या काळी छप्पर गळाले, गुरुजी आठवडाभर आले नाहीत, तर वकील, कारकून, डॉक्टर असे पालक थेट स्कूल बोर्डाच्या दारात उभे राहात. मध्यमवर्गाने आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत नेली, त्याबरोबर हा जागता पहारेकरीही निघून गेला. त्याची भरपाई जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्याने होण्यासारखी नाही. आपली मुले परत पाठवा, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही! परंतु आपल्या विभागातील पालिका शाळेत किती वर्गांना शिक्षक नाहीत, हे नगरसेवकाला विचारण्यास पैसाही लागत नाही.

शासनाने नामकरणाचे ते कलम विनाविलंब मागे घ्यावे, अशी आमची मागणी आहे. दात्याच्या उपकाराची नोंद शाळेच्या दप्तरी राहू द्या, फार तर आतल्या भिंतीवर एक लहानशी पाटी लावा. देणगी कशावर खर्च व्हावी, हे ठरविण्याचा अधिकारही दात्याच्या कचेरीत नसावा. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे त्यांचे काम आहे. पुढचा धनादेश लिहिण्यापूर्वी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तो आराखडा मागवावा आणि समितीतल्या बायांसमोर बसून तो समजून घ्यावा.