खाऱ्या पाण्यातला रॉड: अखंड की जोडाचा?

पाऊस ओसरला आणि खाड्यांचा गढूळपणा निवळू लागला की फ्लाय-अँगलर मंडळी कपाटातले सामान बाहेर काढतात. कुणाला घराजवळच्या खाडीत जिताडा आणि तांबोसा खुणावत असतो, कुणी अंदमान, मालदीव किंवा सेशेल्सचे तिकीट काढलेले असते. नव्या रॉडच्या चौकश्याही याच दिवसांत होतात आणि त्यांच्यासोबत एक वाद हमखास डोके वर काढतो: समुद्रासाठीचा नऊ फुटी फ्लाय रॉड एकसंध असावा की चार तुकड्यांचा? नामवंत उत्पादकांनी केवळ खाऱ्या पाण्यासाठी वन-पीस रॉड काढल्यापासून या वादाला धार आली आहे. जी. लूमिसचा ‘क्रॉसकरंट प्रो-१’ स्टीव्ह राजेफ यांच्या हातून घडला. फ्लाय-कास्टिंगच्या जागतिक स्पर्धा अनेकदा जिंकलेला हा माणूस. थॉमस अँड थॉमसचा ‘सेक्स्टंट’ही एकसंध. अशा रॉडची तारीफ ऐकून आपल्याकडचे नवे अँगलरही त्यासाठी पैसे बाजूला काढू लागले आहेत. या मासिकाचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. वन-पीस रॉड सरस आहे, हे खरे. तरीही बहुतेक वाचकांनी तो घेऊ नये.

सरस का, ते आधी पाहू. फ्लाय-कास्टिंगमध्ये फ्लायला वजन असे नसतेच. फेकली जाते ती लाइन. पुढे-मागे झोका देताना रॉड वाकतो, ताकद साठवतो आणि थांबवताच ती लाइनला देतो. हे वाकणे मुठीकडच्या बटपासून टोकाच्या टिपपर्यंत सलग उतरत गेले, तर लाइनचा लूप घट्ट आणि नेमका निघतो. जोड आला की एक नळी दुसरीवर चढते आणि भिंत दुहेरी होते. काही सेंटिमीटरचा तो भाग उसाच्या पेरासारखा ताठ राहतो. फोर-पीस रॉडमध्ये अशी तीन पेरे येतात. शिवाय प्रत्येक जोडावर जादा ग्राफाइट, धाग्याचे वेटोळे आणि इपॉक्सी. वजनात वाढ होते ती काही ग्रॅमचीच, पण आठ-वेटचा (आठ नंबरच्या लाइनचा) अख्खा रॉडच शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो. बटजवळच्या जोडाचे वजन मुठीपाशीच राहते, त्यामुळे ते जाणवत नाही. टिपजवळच्या जोडाचे मात्र दिवसभर हात चालवणाऱ्याच्या मनगटाला कळते.

चांगले उत्पादक जोडाच्या आसपासचे ग्राफाइट कमी-जास्त करून ही ताठरता बरीचशी मुरवतात. डोळे मिटून दोन्ही रॉड हाताळले तर कसलेल्या कास्टरला फरक कळेल. होडीच्या टोकावर उभा राहून, समोरून खारा वारा येत असताना पंधरा-वीस मीटरवर फ्लाय टाकणाऱ्याला तो क्वचितच कळेल. त्याची फेक बिघडते ती बहुधा चुकीच्या लाइनमुळे किंवा कच्च्या डबल-हॉलमुळे (फेकताना दुसऱ्या हाताने लाइनला द्यायच्या दोन हिसक्यांमुळे).

जोडाविषयीची अढी मुळात बांबूच्या काळातली आहे. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले रॉड निकेल-सिल्व्हरच्या फेरूलने जोडत. अमेरिकेतले नामांकित कारागीर हायरम लिओनर्ड यांनी १८७५ मध्ये पाणी न शिरणाऱ्या फेरूलचे पेटंट घेतले, यावरून त्या काळी पाण्याने किती छळले असेल याची कल्पना येते. धातूचा तो जोड जड होता आणि मुळीच वाकत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले. १९६० च्या दशकात फेनविक कंपनीच्या जिम ग्रीन यांनी धातूला फाटा देऊन काचतंतूच्या नळीवर काचतंतूचीच नळी बसवली. ‘फेरालाइट’ या नावाने तो जोड गाजला. याच कंपनीने १९७३ मध्ये ग्राफाइटचा फ्लाय रॉड बाजारात आणला. तेव्हापासून जोड उरलेल्या रॉडच्याच मालाचा झाला आणि त्याच्यासोबत वाकू लागला. काही काळ टू-पीस हीच रीत होती. पण नऊ फुटांचा अर्धा म्हणजे साडेचार फूट, आणि एवढी नळी विमानात नेताना नाकी नऊ येत. बहामा, बेलीझ, ख्रिसमस आयलंड अशा ठिकाणी विमानाने जाऊन मासेमारी करणारे वाढले, तसा फोर-पीस रूढ झाला. आज समुद्री फ्लाय रॉडचा कोणताही कॅटलॉग उघडला तर बहुतेक पाने त्याचीच असतात.

मग वन-पीस टिकला कुठे? फ्लोरिडा कीजमध्ये. तिथल्या इस्लामोराडा गावात टार्पन माशाची ‘गोल्ड कप’ फ्लाय स्पर्धा १९६४ पासून भरते. उथळ पाण्यात चालणाऱ्या तिथल्या स्किफ होड्यांच्या दोन्ही काठांखाली लांब खाचा असतात. लाइन ओवलेला रॉड त्यांत आडवा सरकवायचा. गाइडच्या अंगणातून होडी ट्रेलरवर निघते, धक्क्यावर उतरते आणि संध्याकाळी अंगणात परतते. रॉड उघडायची वेळच येत नाही. कोकणातली गरवायची बांबूची काठीही याच कारणाने अखंड असते. ती पडवीत आढ्याला टांगलेली असते आणि खाडी चार पावलांवर असते. रॉड रात्री कुठे ठेवला जाणार आहे, यावर तो किती तुकड्यांचा असावा हे ठरते. खरेदीला जाणाऱ्याने लूप, टेपर आणि मॉड्युलसची चर्चा करण्याआधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

ताकदीचा मुद्दा मात्र निकालात काढायला हवा. ‘मोठा मासा लागला तर जोड टिकणार नाही’ हे वाक्य आजही ऐकू येते आणि ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनच्या नियमांनुसार फ्लायवरच्या विक्रमासाठी टिपेटची (लाइनच्या टोकाच्या बारीक धाग्याची) सर्वांत वरची श्रेणी २० पौंडांची आहे. फ्लायवर पकडलेल्या सर्वांत मोठ्या टार्पनचा विक्रम जेम्स हॉलंड ज्युनियर यांच्या नावावर आहे: २०२ पौंड ८ औंस, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. हा मासा २००१ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर २० पौंडी टिपेटवर निघाला. एवढ्या धुडाशी झुंजतानाही रॉडवर येणाऱ्या ओढीला टिपेटची मर्यादा असते; ओढ त्यापलीकडे गेली की आधी टिपेट तुटतो. नीट बसलेला जोड एवढे सहज पेलतो. शिवाय जाणते अँगलर मोठ्या माशाशी रॉड खाली, पाण्याच्या अंगाला ठेवून बटने झुंजतात. रॉड उभा धरून टिपवर भार घेतला, तर अखंड रॉडही कडकन मोडतो. मासा होडीला लागल्यावर हातघाईत रॉड मागे खेचला जातो, तो क्षण सर्वांत धोक्याचा.

प्रवासाचे गणित तर अगदीच सरळ आहे. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. रेल्वेचा बर्थ सुमारे सहा फुटांचा असतो. कोकण रेल्वेने रत्नागिरीला निघालेला अँगलर वन-पीस रॉड ठेवणार कुठे? विमानात लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही चेक-इन सामानाची सर्वसाधारण मर्यादा आहे. फोर-पीस रॉडचा एक तुकडा सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतो. नळीसकट तो मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये मावतो. केबिनमध्ये मात्र तो नियमात बसत नाही, कारण आपल्या विमान कंपन्यांची केबिन बॅगेची लांबी साधारण ५५ सेंटिमीटर असते. गेटवर अडवले की ऐनवेळी तो एकटाच सामानकक्षात जातो. त्यामुळे आधीच बॅगेत भरणे बरे. अंदमानात जीटीसाठी (जायंट ट्रेव्हली) पॉपिंगला जाणारे गडी दीड-दोन मीटरचे रॉडचे तुकडे पीव्हीसी पाइपात घालून विमानतळावर नेतात आणि दरवेळी काउंटरवर हुज्जत घालतात. त्यांच्या रॉडचा जोड मुठीजवळ असतो, त्यामुळे पुढचा लांब तुकडा लहान करता येत नाही. फ्लाय-अँगलरला ती सक्ती नाही. ती त्याने ओढवून घेऊ नये.

आता जोडाच्या निगेविषयी, कारण फोर-पीसचा खरा शत्रू तिथे आहे. जोडावर मोडणारे बहुतेक रॉड ढिल्या जोडामुळे मोडतात. दिवसभराच्या कास्टिंगमध्ये तुकडा हळूहळू फिरतो आणि वर सरकतो. आतल्या नळीचा आधार काठापुरता उरला की बाहेरची नळी उभी चिरते. उपाय अगदी साधा आहे: तासाभराने तीनही जोडांवरून हात फिरवायचा, गाइड (लाइन ओवायच्या कड्या) एका रेषेत आहेत का पाहायचे, सैल वाटला तर दाबून बसवायचा. बसवताना गाइड थोडे तिरके धरून तुकडा आत दाबावा आणि दाबता दाबता रेषेत आणावा. काढताना दोन्ही हात जोडाच्या जवळ असावेत आणि पकड गाइडवर नसावी. जोड सारखा निसटत असेल तर आतल्या नळीवर मेणबत्तीच्या साध्या पॅराफिनचा हलका हात फिरवावा. मधमाशांचे मेण नको, त्याने जोड अडकून बसतो.

समुद्रावरून आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुवावा, जोड उघडून पुसावेत आणि पूर्ण सुकल्यावरच नळीत घालावा. ओला रॉड बंद नळीत राहिला तर वरच्या थराला फोड येतात. खारे पाणी सुकून जोडात राहिले तर त्याचे कण नळी घासतात. कोकणातल्या दमट हवेत यात हयगय चालत नाही.

एक इजा मात्र दोन्ही प्रकारच्या रॉडना सारखीच होते. क्लाउझर मिनोसारख्या जड डोळ्यांच्या फ्लाय वाऱ्यात फेकताना रॉडवर आपटतात. ग्राफाइटला बारीक जखम होते, ती दिसत नाही, आणि पुढे कधीतरी किरकोळ ओढीत रॉड तिथेच मोडतो. अशा वेळी फोर-पीसवाल्याला एक तुकडा बदलून भागते. वन-पीसवाल्याचा रॉडच संपतो आणि बदली रॉड परदेशातून येणार असेल तर पावणेतीन मीटरच्या पार्सलची वाट पाहावी लागते.

म्हणून विक्रेत्यांकडे एक मागणी. भारतात समुद्री फ्लाय रॉड विकणाऱ्यांनी निदान खपाच्या मॉडेलचे टिपचे तुकडे साठ्यात ठेवावेत. विकताना वॉरंटीची नोंदणी ग्राहकासमोर करून द्यावी. तुकडा मागवायला किती दिवस लागतील आणि आयात शुल्कासह खर्च किती येईल, हे बिलावर लिहून द्यावे. ग्राहकांनीही पैसे देण्याआधी हे विचारावे. ज्या रॉडचा सुटा तुकडा मिळत नाही, तो चार तुकड्यांचा असून नसून सारखाच.

ज्याची स्वतःची होडी आहे, तिच्यात रॉड आडवा ठेवायची जागा आहे आणि ज्याचे घर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याने वन-पीस खुशाल घ्यावा. त्याला तो दर फेकीत आनंद देईल. मालवण, वेंगुर्ले किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहून नेम धरणारे असे काही अँगलर नक्कीच आहेत. बाकीच्यांनी खाडीसाठी आठ किंवा नऊ-वेटचा आणि अंदमान-सेशेल्सच्या जीटीसाठी बारा-वेटचा फोर-पीस रॉड घ्यावा. वन-पीससाठी जास्तीचे जे पैसे बाजूला काढले होते, त्यांतून चांगली लाइन आणि एक जादा टिप घ्यावी.